घसरलेला सात

शिरवळच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, राहायला भोरला. अमेरिकन मसल कार मी तरुणपणी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. मध्यम आकाराच्या गाडीत राक्षसी इंजिन बसवून सत्तर सालाच्या आसपास डेट्रॉइटकडच्या कंपन्यांनी या गाड्या काढल्या, एवढंच ठाऊक होतं. आयटीआयच्या लायब्ररीत एक जाडजूड अमेरिकन पुस्तक होतं. त्यात आठ सिलिंडरच्या इंजिनाचा उभा छेद होता. तो मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतला आणि बहुतेक तिथेच अडकलो. वेगाचं मला कधी आकर्षण वाटलं नाही. हे कुणी, कुठल्या पाळीत, कसं बनवलं असेल, याचं कुतूहल मात्र सुटलं नाही.

घरी इंटरनेट आल्यावर मी एकाच मॉडेलच्या मागे लागलो. ते फार थोडं बनलं होतं आणि कारखान्याची कागदपत्रं कधीच मोडीत गेली होती. उरलेल्या गाड्यांच्या अंगावर ज्या खुणा आहेत, त्यांवरूनच सगळं जुळवायचं. जगभरच्या मालकांना मी मेल करायचो, फोटो मागवायचो. बायको म्हणायची, "ज्या गाडीत बसायला मिळणार नाही, तिचा जन्मदाखला काढून काय करणार आहात?" 

इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक सपाट पट्टी असते. त्या पट्टीवर गाडीचा नंबर ठोकलेला असतो. बॉडीवरचा नंबर आणि हा नंबर जुळला, तर इंजिन मूळचं. पण नंबर काय, कुणीही नवा ठोकू शकतो. म्हणून जाणकार नंबराच्या खाली बघतात. कारखान्यातल्या यंत्राने पट्टी तासताना बारीक समांतर रेघा उठलेल्या असतात. त्या एकदा घासल्या गेल्या की परत येत नाहीत.

ओहायोतल्या एका बाईंच्या नवऱ्याची गाडी त्याच्या मृत्यूनंतर गॅरेजमध्ये तशीच पडून होती. वयाच्या पंचाहत्तरीत त्या माझ्यासाठी बॉनेटखाली वाकल्या, दातांच्या ब्रशने ती पट्टी साफ केली आणि फोटो पाठवला. सोबत लिहिलं, "ते गेल्यापासून मी हे दार उघडलं नव्हतं. तुमच्यामुळे उघडलं." त्यांच्या फोटोत चौथा आकडा केसभर खाली घसरलेला होता. कॅनडातल्या एका शेतकऱ्याच्या गाडीतही तसाच. मग मी जुने सगळे फोटो पुन्हा काढले. त्याच सुमाराला बनलेल्या प्रत्येक इंजिनावर चौथा आकडा खाली होता. आकडे ज्या साच्यात धरून ठोकायचे, त्याचा चौथा कप्पा ढिला झालेला असणार. ही गोष्ट तोवर कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. त्या दिवशी मी बायकोला बळंच स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून तो फोटो दाखवला. ती म्हणाली, "वाकडं आहे खरं." मला तेवढं पुरलं.

मी हे जुन्या गाड्यांच्या इंटरनेटवरच्या मंचावर लिहिल्यावर पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. बांधकामाचा मोठा व्यवसाय, गुंजवण्याला धरणाच्या वरच्या अंगाला फार्महाऊस, आणि तिथल्या शेडमध्ये हीच गाडी. कुठल्याशा परदेशी वकिलातीतल्या माणसाने ती मुंबईत आणली होती, नंतर हातोहात फिरत यांच्याकडे आली होती. "लोक म्हणतात खोटी आहे. तुम्ही सांगा," ते म्हणाले.

मी स्कूटरवरून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत गेलो. राखणीला गुंजवण्यातलेच एक काका होते. त्यांची भातखाचरं धरणात गेली होती. त्यांनी शेडचं कुलूप काढलं, ताडपत्री ओढली. गंजाचा आणि उंदरांचा वास आला. मी बॅटरी धरून वाकलो, चिंधीने तेलाचा थर पुसला. नंबर बॉडीवरचाच होता, रेघा शाबूत होत्या. नंबरातला चौथा आकडा सात होता आणि तो केसभर खाली होता.

मी तिथेच जमिनीवर बसलो. काकांनी पाण्याचा तांब्या आणून दिला. "काय झालं? चक्कर आली का?"

"नाही. गाडी खरी आहे."

"व्हय का," काका म्हणाले. "आमाला वाटलं, बिघडलीया."

शेडच्या अंधारात मी काढलेल्या फोटोंत रेघा आल्या होत्या, पूर्ण नंबर आला नव्हता. मी सविस्तर अहवाल लिहिला. रेघा कशा असतात, आकड्यांचा आकार कसा, सात का घसरला, सगळं आकृत्या काढून दिलं. मालक खूश झाले. पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, त्याआधी गाडी नवीकोरी करायची म्हणाले. मी त्यांना बजावलं, "रंग द्या, सीटा बदला, काय हवं ते करा. फक्त त्या पट्टीला हात लावू नका. घासू नका, रंगवू नका, पॉलिश करू नका."

"अहो, तुम्ही निश्चिंत राहा," ते म्हणाले. "तुमचा अहवाल मी मिस्त्रीलाच दिलाय."

पावसाळा उलटल्यावर मी पुन्हा गेलो. ओहायोच्या बाईंना इंजिनाचे चांगले फोटो हवे होते. शेड रिकामी होती. काका मालकांच्या भाताला पाणी बघून येत होते.

"गाडी न्हेली पुण्याला," ते म्हणाले. "मिस्त्री आला हुता. हितंच इंजिन भायेर काढलं. लई साफ केलं बगा. समदं घासून आरशावानी."

"समोरची पट्टी? नंबर असतो ती?"

"ती बी. नंबर नवा मारला. सायेबच म्हनलं, वाकडा दिसतो, नीट वळीत मारा."

मी तिथूनच फोन लावला. मालक शांतपणे म्हणाले, "तुमच्याच आकृतीवरून आकड्यांचा आकार घेतला हो. नंबर तोच आहे. फक्त सुबक केला."

"तो वाकडा होता म्हणूनच खरा होता. मी लिहिलं होतं तसं."

"लिहिलं होतं. पण प्रदर्शनात लोक काय फूटपट्टी घेऊन येतात? लांबून बघणाऱ्याला चूक वाटते ती." मग म्हणाले, "तुमचं नाव लावणार आहोत गाडीशेजारी. तज्ज्ञ म्हणून."

लावलंही. काचेच्या चौकटीत माझा अहवाल, शेजारी भडक केशरी गाडी. मी गेलो नाही. पण फूटपट्टी घेऊन येणारा एक माणूस आलाच. परदेशातून आलेला कुणी परीक्षक होता. त्याने बॉनेट उघडायला लावलं, पट्टीवरून बोट फिरवलं आणि दोन वाक्यांत गाडी बनावट ठरवली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. या वेळी आवाज चढलेला होता. "तुमच्या भरवशावर राहून मी चारचौघांत तोंडघशी पडलो. तुम्हाला गाड्यांतलं काही कळत नाही, हे आधी सांगायचं."

पुढच्या आठवड्यात त्यांनी मंचावरही तेच लिहिलं, माझ्या नावासकट. मी घासण्याआधीचे फोटो टाकले. ते दुसऱ्या गाडीचे असू शकतात, असं उत्तर आलं. खरंच असू शकले असते. वर्षानुवर्षं ज्यांना मी मदत केली होती, त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी, आपल्या गाडीबद्दल मी दिलेलं मत पुन्हा तपासून घ्यावं का, असं इतरांना विचारलं. मला कुणी विचारलं नाही.

ओहायोच्या बाईंना मी सगळं कळवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं. मंचावरचं वाचलं होतं, पण माझ्यावर विश्वास आहे, म्हणाल्या. शेवटी लिहिलं होतं, मुलगा गाडी विकायला काढतो आहे, आणि तुमचं नाव कुठे न आणलेलं बरं, असं त्याचं मत पडलं. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली होती. मी लिहिलं की त्याचं बरोबर आहे. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

त्यानंतर एकच काम उरलं होतं. आजवर सापडलेल्या अस्सल गाड्यांची मी कॉम्प्युटरवर यादी ठेवली होती, तीत गुंजवण्याची गाडी धरलेली होती. नियम मीच सगळ्यांना समजावत आलो होतो: पट्टी घासलेली असेल तर गाडी अस्सलांत धरायची नाही, मालक काहीही सांगो. मी ती रेघा असलेली पट्टी डोळ्यांनी पाहिली होती, बोटाने चाचपली होती. पण माझ्या शब्दापलीकडे आता त्याला आधार नव्हता, आणि नुसत्या शब्दावर मी कधी कुणाची गाडी धरली नव्हती.

मी ती वगळली. बायको शेजारी भाजी निवडत होती. "झालं का काम?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं, आणि कॉम्प्युटर बंद केला.