कोनफळाचा पहिला घास

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकात सुरेखावहिनींचं राज्य होतं. दिवाळीचा चिवडा आधी त्यांनी चाखायचा, नव्या सुनेने कुकर कुठून घ्यायचा तेही त्यांनीच सांगायचं. शेजारची मीनल तर त्यांना विचारल्याशिवाय पडदेसुद्धा बदलत नसे.

मग २०१४ साली समोरच्या फ्लॅटमध्ये घानाची झिफा आली आणि मीनल रोज संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला जाऊ लागली. वहिनींचा नुसता जळफळाट झाला. "काय बोलतात एवढं? हिचं इंग्रजी तिला कळतं तरी का?" असं त्या मला विचारत. मला काय ठाऊक? मी आपला त्यांच्या नवऱ्याचा मित्र, चहापुरता येणारा.

सप्टेंबरात झिफाने सगळ्यांना जेवायला बोलावलं. ती एवे लोकांपैकी. त्यांच्याकडे नव्या कोनफळाचा सण असतो. कोनफळाला त्यांच्या भाषेत म्हणतात 'ते'.

"तेच ते! उकडलेलं कोनफळ, त्याचं केवढं कौतुक!" वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या. पण साडी मात्र ठेवणीतली नेसून आल्या होत्या.

स्वयंपाकघरात मीनल पदर खोचून कोनफळ कुटत होती. ते पाहिलं आणि वहिनींचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे मीनलने कधी साधी कणीकसुद्धा मळली नव्हती.

झिफाने पूर्वजांसाठी घास बाजूला काढला. मग म्हणाली, "आमच्याकडे मनात भांडण ठेवून नवं कोनफळ खात नाहीत. आधी मिटवायचं." परवा फिरायला यायला उशीर केल्याबद्दल तिने मीनलची माफी मागितली. वहिनींपुढे ताटली धरून मात्र हसली, "आपलं काहीच नाही. तुम्ही खुशाल खा."

काहीच नाही! इतके महिने जळणाऱ्या बाईला हे कसं सोसावं? वहिनींनी उचललेला घास खाली ठेवला आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "आहे भांडण. हिने माझी मीनल नेली."

"काय म्हणाल्या?" झिफाने मीनलला विचारलं.

मीनलला ते इंग्रजीत सांगावं लागलं. मग ती वहिनींकडे वळली. "वहिनी, तुम्ही मला नेहमी सल्ले दिलेत. चल म्हणून कधी बोलावलंत का?"

झिफाने आपली ताटली खाली ठेवली. मिटल्याशिवाय तीही खाणार नव्हती.

"उद्या मी येते फिरायला," वहिनी अखेर म्हणाल्या, "पण मधे मी चालणार."