येताना थांबणारी, जाताना फिरणारी गाडी

"मले एक सांग भो," नाना चिडून म्हणाले, "असोद्याहून येतांना गाडी बरोब्बर थांबते. तुझ्याकडून निघाली की फिरते. तू हिले करतो तरी काय?"

मी काय करतो ते मलाच कळत नव्हतं. ही तिसरी खेप होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावला माझं गॅरेज होतं. नाना असोद्याचे बागायतदार, आणि त्यांच्याकडे दोन दरवाजांची जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. इंजिन भारी तेज, पण ब्रेक जेमतेम. पुढे डिस्क, मागे ड्रम. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. पेडल दाबलं की व्हील सिलिंडर नावाची छोटी पिचकारी आतल्या शूंना, म्हणजे अर्धगोल पट्ट्यांना, ड्रमवर दाबते आणि चाक थांबतं. मी मागचे ड्रम मोठे बसवले, सिलिंडरही मोठे बसवले. जॉब कार्डवर ऐटीत लिहिलं, 'मागचे ब्रेक अपग्रेड'.

त्याच दिवशी घरी जाताना नानांना म्हैस आडवी आली. ब्रेक मारला तशी गाडी मागून गर्रकन फिरली आणि तोंड परत जळगावकडे! म्हैस उभीच, म्हणे.

दुसऱ्या खेपेला मी ब्रेकच्या पाइपातली हवा काढली, शू सेट केले, बाजारातल्या गर्दीत हळूहळू ट्रायल घेतली आणि गाडी दिली. जाताना पुन्हा फिरली. आता नाना तिसऱ्यांदा दारात होते, आणि या वेळी नुसते चिडलेले नव्हते.

"पोरीले सातवा महिना लागला. रविवारी धुळ्याहून बाळंतपणाला आणायची. या गाडीत बसवू का नको, तेवढं सांग."

रविवारला तीन दिवस होते.

आमच्याकडे मिस्त्रीकडे रिकाम्या हातानं कोणी येत नाही. नाना तर दर खेपेला डिकीत भरताच्या वांग्यांचं पोतं आणि मागच्या सीटवर केळीचे तीन घड घेऊन यायचे. गाडी आली की आधी माल उतरवायचा, मग चहा, मग काम. माझे जुने कारागीर रशीदभाई नेहमीसारखे माल उतरवायला पुढे झाले.

मी म्हटलं, "रशीदभाई, थांबा. नाना, चहा नंतर. आधी माझ्या डोळ्यांदेखत ब्रेक मारून दाखवा."

पहूरकडच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. नानांनी चांगल्या वेगात ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली. पुन्हा मारला, पुन्हा सरळ. नाना विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होते आणि मी मनातल्या मनात चाळीस वेळा ब्रेकचा हिशेब मांडत होतो. गाडी चांगली असेल तर म्हशीसमोर फिरली कशी?

गॅरेजला परतलो. मी मागच्या चाकाशी उकिडवा बसून ड्रमकडे नुसता बघत राहिलो. रशीदभाईंनी घड उतरवले, पोतं ओढलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर गाडीची मागची बाजू वर आली. चाक आणि मडगार्डमध्ये तीन बोटांची फट होती, ती पाच बोटांची झाली.

"रशीदभाई, पोतं परत ठेवा!"

"साहब, अभी तो उतारा!" ते वैतागले. पण ठेवलं. परत त्याच रस्त्यावर गेलो, या वेळी मी चालवत होतो. माल भरून ब्रेक मारला, गाडी सरळ. माल उतरवून मारला, मागची चाकं घट्ट अडकली आणि शेपटी फिरली. नानांनी डॅशबोर्ड धरून ठेवला होता.

"म्हंजे वांगे खाली उतरले म्हनून?"

"हो नाना." ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त जोराचा ब्रेक लावला की ते फिरायचं थांबून घसरतं, आणि घसरणारं चाक गाडीला रेषेत धरत नाही. वांगी असताना वजन पुरत होतं. ती उतरवून आम्ही भरीत खात होतो आणि नाना रिकाम्या गाडीनं घरी जात होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला स्वतःची लाज वाटली, आणि लेक गाडीत बसायच्या आधीच चूक दाखवणाऱ्या त्या म्हशीचे उपकारही वाटले.

मोठे ड्रम राहू दिले, पण मागचे सिलिंडर जुने, छोटेच परत बसवले. मागचा जोर कमी केला तशी रिकामी गाडीही सरळ थांबू लागली. 'अपग्रेड' शब्दावर मी जॉब कार्डात काट मारली. शनिवारी दिवसभर रिकाम्या गाडीनं ब्रेक मारत फिरलो, तरी रविवारी माझं कामात लक्ष नव्हतं.

सोमवारी नाना आले. मागच्या सीटवर काल याच गाडीतून धुळ्याहून सुखरूप आलेली त्यांची लेक, उशीला टेकून बसलेली. डिकी उघडून दाखवली, आत स्टेपनीशिवाय काही नाही.

"वांगे एस्टीनं मागून येऊन राह्यले," नाना म्हणाले. "तू आधी ब्रेक पाह्य."

लेक हसून खाली उतरली आणि रशीदभाईंनी तिला खुर्ची दिली. मी ट्रायल घेतली. गाडी सरळ थांबली. तेव्हापासून माझ्या गॅरेजात नियम झाला, की भेट आधी उतरवायची नाही, आणि ट्रायल दोनदा घ्यायची: एकदा भेटीसकट, एकदा भेटीशिवाय.