हिरवा स्पीकर आणि तीन जाणकार

आमच्या हॉलमध्ये हिरव्या रंगाचे तीन खोके उभे आहेत. त्यातला एक कूलर आहे.

बाकीचे दोन माझे स्पीकर. साधेसुधे नाहीत, लिमिटेड एडिशन! कंपनीने मोजकेच नग काढले, आणि त्यांच्यासाठी एक खास नवा रंग तयार केला. जाहिरातीत त्याचं नाव होतं ‘मॉर्निंग फॉरेस्ट’. फोटोत तो रंग धुक्यातल्या जंगलासारखा गूढ दिसत होता. आमच्या हॉलमध्ये खोकं उघडलं तेव्हा त्यातलं धुकं वाटेतच कुठेतरी सांडलं होतं. उरला तो नुसता हिरवा. तोसुद्धा नागपुरातल्या प्रत्येक लोखंडी कूलरला मारलेला असतो, अगदी तोच!

“आता हा कूलर काहून आणला?” सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दारातूनच म्हणाली. “आपलावाला चांगला चालून राहिला ना!”

“हे स्पीकर आहेत.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

तिने एकदा खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे, आणि शेवटी माझ्याकडे. त्या तिसऱ्या नजरेबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

पण सुनंदाचं सोडा. तिला आवाजातलं कळत नाही (असं त्या दिवसापर्यंत माझं मत होतं). खरी परीक्षा माझ्या दोन मित्रांची. एक खोब्रागडे सर. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, गाणं ऐकताना डोळे मिटून एक बोट हवेत धरणारे. दुसरे कांतीभाई. लकडगंजात लाकडाचा तीन पिढ्यांचा धंदा, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की आधी बोटाच्या पेराने ठोकून बघणार. आम्ही तिघं दर रविवारी कुणाकडे तरी जमून गाणी ऐकतो. म्हणजे दहा मिनिटं ऐकतो आणि दोन तास ती कशी ऐकली यावर भांडतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी दोघं आले. मी चादर ओढून स्पीकर उघडे केले. कुणी टाळी वाजवली नाही.

कांतीभाईंनी टक्‌टक्‌ ठोकलं. “लाकूड बढिया आहे. पण हे फिनिश आहे का? हा तर ऑइलपेंट आहे, यार!”

सरांनी गाणं लावायला सांगितलं. बोट हवेत गेलं. मिनिटभराने खाली आलं. “आवाज थोडा ओला वाटून राहिला.”

“ओला?”

“हं. सर्दी झाल्यासारखा. तुमचे ते कोपऱ्यातले जुने काळे स्पीकर कसे कोरडे, स्वच्छ वाजतात. रंगाचा थर जाड आहे बघा, लाकडाला श्वास घेता येत नाही.”

आता माझं डोकं तापलं. बाहेर पंचेचाळीस होतं, आत त्याहून जास्त. “सर, तुम्ही चाळीस वर्षं फिजिक्स शिकवलं! हा स्पीकर गुलाबी केला काय आणि पट्ट्यापट्ट्यांचा केला काय, आवाज तोच राहील! तुम्ही कानाने ऐकूनच नाही राहिले. डोळ्याने ऐकून राहिले!”

“असं?”

“असंच! होऊन जाऊ द्या परीक्षा. डोळ्यांना पट्टी बांधा. सुनंदा कधी काळे लावेल, कधी हिरवे. ओळखून दाखवा!”

“आणि तुमचं काय?” कांतीभाईंनी डाव टाकला.

“मी पण बांधतो! माझा हिरवा मी झोपेत ओळखीन!”

(मनुष्याने आयुष्यात काही वाक्यं बोलूच नयेत. ही यादी मी आता करून ठेवली आहे.)

सुनंदा स्वयंपाकघरात आलूबोंडे तळत होती. तिच्याकडून तीन ओढण्या मागून घेतल्या. एक लाल, एक पिवळी, एक टिकल्यांची. टिकल्यांची सरांना मिळाली. लगेच मी सुनंदाच्या मोबाइलवर परीक्षेची ठुमरी पाठवली, म्हणजे तिला ओळख राहील. रिमोट तिच्या हाती दिला. “एक नंबर दाबला की काळे, दोन दाबला की हिरवे. कोणते लावले ते सांगायचं नाही.”

“आणि बोंडे कोण काढन तेलातून?”

“येत-जात दाब ना!”

परीक्षा सुरू झाली. ठुमरी लागली. तेवढ्यात बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. कुणीतरी आलं, सुनंदा काहीतरी हळू बोलली. आम्ही लक्ष दिलं नाही. जाणकारांची समाधी अशी बेलने भंगत नसते!

दारात होते शेषरावजी. आमच्या वस्तीत कूलरचं गवत बदलून देणारे, साठीचे सज्जन गृहस्थ. सुनंदाने त्यांना आठ दिवसांपासून सांगून ठेवलं होतं, आणि त्यांना मुहूर्त सापडला तो हा. तिथे काय संवाद झाला, तो मला नंतर कळला.

“कोणता कूलर आहे, ताई?”

“तो काय हॉलमधला, हिरवा. गॅलरीत नेऊन करा. आवाज नका करू, हे लोक गाणं ऐकून राहिले.”

शेषरावजींनी आत डोकावलं. सोफ्यावर तीन वयस्कर माणसं, डोळ्यांना ओढण्या बांधून, माना हलवत बसलेली. “डोळे आले काय वं ताई, याईले?”

“नाही. शौक आहे.” सुनंदाने रिमोटचं दोन नंबरचं बटण दाबलं आणि ती तेलाकडे पळाली.

शेषरावजी चवड्यावर चालत आले आणि जो हिरवा खोका सगळ्यात जवळ होता, तो त्यांनी धरला. पुढच्या जाळीचे स्क्रू काढायला सुरुवात केली.

किर्र... किर्र...

“ऐकलं?” मी कुजबुजलो. “गाणारीच्या बांगड्यांचा आवाज! काळ्यामध्ये कधी ऐकू आला होता?”

“बारीक खरखर आहे खरी,” सर म्हणाले. “पण बांगड्या नाहीत. तबलजी सूर जुळवायला तबल्याचा गठ्ठा सरकवून राहिला.”

मग खोका फरशीवरून गॅलरीकडे सरकला. घुर्रर्र! सोफ्याचे पाय थरथरले.

“बेस!” कांतीभाई ओरडले. “क्या बेस है! पोटात लागला!”

“हिरवा आहे!” मी मांडीवर थाप मारली. “ओला म्हणे! आता बोला, सर!”

एवढ्यात वायर ताणली गेली. शेषरावजी खबरदार माणूस. त्यांनी आधी जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं, मग वायर उपटली. सगळं शांत झालं.

“सुनंदा!” मी हाक मारली. “गाणं!”

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. रिमोट दाबून पाहिला. एक दाबला, दोन दाबला, काही नाही. मागे बोंडे जळत होते. हात बेसनाने भरलेले. पट्टी काढून तीन जाणकारांना समजावत बसण्यापेक्षा तिने सोपा मार्ग धरला. करंगळीने मोबाइलवर तीच ठुमरी लावली, आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाइल जेवणाच्या टेबलावरच्या रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात ठेवला, आणि ती परत गेली.

हॉलमध्ये सूर भरले.

खोब्रागडे सरांनी दीर्घ श्वास सोडला. “हा... हा आवाज! काय गोलाई आहे! हे काळे. शंभर टक्के काळे!”

“एकदम देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमतो,” कांतीभाईंनी मांडीवर ताल धरला. “असा साउंड मी आजपर्यंत ऐकला नाही. काळाच!”

“काळा?” मी उठून उभा राहिलो. ओढणी डोळ्यांवर, मूठ हवेत. “हा माझा हिरवा आहे! हिरव्याशिवाय ही खोली येतच नाही! स्वर कसा तळातून वर येतो बघा! लिहून देतो मी!”

“द्या लिहून!”

“देतो!”

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, “भाऊ, मी एक मग टाकला, पण खाली उतरूनच नाही राहिलं. यात पानी कुठून टाकाचं?”

तीन ओढण्या एकदम खाली आल्या. टेबलावर पातेलं गात होतं. गॅलरीत माझा लिमिटेड एडिशन उघड्या छातीने उभा होता, बाजूला गवताच्या नव्या ताट्या रचलेल्या, आणि शेषरावजी दुसरा मग भरून स्पीकरच्या मागच्या गोल भोकापाशी वाकलेले!

“थांबा!” मी धावलो. ओढणी पायात आली. मी पडलो, कांतीभाई माझ्यावर पडले. स्पीकरपर्यंत पहिले पोचले ते सर, सत्तराव्या वर्षी! त्यांनी ‘ओल्या आवाजाचा’ तो स्पीकर मिठीत घेऊन उलटा केला. भोकातून पाणी बाहेर आलं, सगळं सरांच्या पँटवर.

“अहो, स्पीकर आहे तो!” मी कळवळलो. “त्यातून गाणं येऊन राहिलं होतं, तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“आलं ना,” शेषरावजी शांतपणे म्हणाले. “मले वाटलं, नवीन मॉडेल असन. आजकाल कशातही रेडिओ देतेत.”



स्पीकर वाचला. नागपूरच्या मे महिन्यापुढे एक मग पाण्याची काय कथा! दुपारपर्यंत उन्हाच्या झळेला ठेवला, संध्याकाळी लावला, खणखणीत वाजला. कांतीभाईंनी ठोकून पाहिलं आणि पहिल्यांदा मान डोलावली. “रंग पक्का आहे बरं! लाकडात थेंब नाही शिरला.” सर मात्र माझा पायजमा घालून घरी गेले आणि पातेल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. सुनंदाने काढला. साळ्यांना, मेहुण्यांना, भाजीवालीला, सगळ्यांना फोन करून काढला.

तरी सांगून ठेवतो, मी हार मानलेली नाही. लोक म्हणतात, विकून टाका, रंगवून घ्या, निदान कव्हर तरी घाला. नाही घालणार! येणारा प्रत्येक पाहुणा स्पीकरसमोर उभं राहून शर्टाची वरची बटणं सोडतो आणि वारा यायची वाट बघतो. बघू दे!

आणि आवाजातलं मला कळत नाही, असं तर कुणी म्हणूच नये. त्या दिवशी तिन्ही जाणकारांनी एकमुखाने ज्या आवाजाला मान दिला, ते पातेलं सीताबर्डीच्या दुकानातून मीच निवडून आणलं होतं. चांगलं वाजवून घेतलं होतं!