चार वाजताची शिंक

शिंकेवर अख्खी शाळा चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी, दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. सारं धाड गाव त्यांना कंपाउंडरबाबा म्हणे. मी तिथल्या शाळेचा मास्तर. शाळेचं घड्याळ दुरुस्तीला बुलढाण्याला गेलं, ते तिकडचंच झालं. पण आमचं काही अडलं नाही, कारण बाबांची ओसरी शाळेला लागून होती आणि दुपारचे चार वाजले की बाबांना शिंक यायची. एरवी शिंक आली की निघालेली माणसं थांबतात. आमच्याकडे शिंक आली की मी घंटा वाजवायचो आणि पोरं घरी पळायची.

या शिंकेचं मूळ अफूच्या गोळीत होतं. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले आणि अफू ठेक्याच्या दुकानात राजरोस मिळे. बाबांनी ती गुडघेदुखीवर सुरू केली. गुडघ्याचं दुखणं कधी थांबलं हे त्यांनाही आठवत नव्हतं, गोळी मात्र थांबली नाही. सकाळची गोळी चारपर्यंत पुरे. मग नाक वाहायचं, डोळे पाझरायचे, जांभयांची रांग लागायची आणि अंगावर काटा उभा राहायचा. बाबा हे सगळं एका वहीत टिपून ठेवत, तेही स्वतःला 'पेशंट' म्हणून. त्यांना सगळ्याच गोष्टींचं माप लागे. डाळीतलं मीठसुद्धा ते औषधाच्या तराजूत तोलून घालत. डाळ तरी खारट व्हायची, पण किती खारट झाली ते त्यांना नेमकं ठाऊक असे.

असं का होतं, हे मी एकदा विचारलं. बाबांनी आधी गोळी हातात घेऊन अफूची डबी बंद केली.

"मास्तर, गोयी म्हंजे दारावर टांगलेली गोधडी. बाहेरून हाक मारली त आतल्याले आयकू येत नाही. मंग तो कान देऊ देऊ आयकते. असे त्याचे कान तिखट होऊन जाते. अन् येक दिवस गोधडी काढली, का चिमनी ओरडली तरी त्याले ढोल वाजल्यावानी वाटते. माह्या नाकाले, डोयाले, पोटाले असेच तिखट कान आले हायेत."

"मग सोडून का देत नाही?"

"ढोल कोन आयकन?" म्हणाले, आणि गोळी तोंडात टाकली.

त्या वर्षी कापसाच्या हंगामात त्यांची सून जानेफळला माहेरी पहिलं बाळंतपण आटोपून तीन महिन्यांची मुलगी घेऊन आली. पोर फार गुणी. दिवसभर झोपून असे. बाबा साऱ्या गावाला कौतुक सांगत. एक दिवस सुनेला वेचणीवरून यायला उशीर झाला. चार वाजले, बाबा शिंकले, आणि पाळण्यातूनही शिंक आली. मी घंटेला हात घातला होता, तो तसाच राहिला. बाबा उठून पाळण्यापाशी गेले, मागोमाग मीही. पोरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ती जांभया देत होती, आणि कोपऱ्यातला पेला पडला तशी अख्खी थरथरली. त्या दिवशी त्यांनी स्वतःची चारची गोळी घेतली नाही.

सून आली तेव्हा त्यांनी विचारलं, "सूनबाई, पोरीले काय चाटवलं?"

"अफू, मामाजी. समद्याच बाया चाटवतात. कापूस वेचाले जाऊ, का हिले घेऊन बसू?" मग खाली मान घालून ती म्हणाली, "तुमच्याच डबीतली. तुमाले गुन येते म्हनून."

बाबांनी डबी उचलून कनवटीला लावली. तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते पोरीला बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. एकदम तोडाल तर पोर हातची जाईल, थोडी थोडी कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग औषधाचा तराजू पाळण्याशेजारी आला आणि वहीत दोन रकाने झाले, आजोबा आणि नात. पोरीच्या मात्रेतला कण कमी करायच्या आदल्या दिवशी बाबा आपल्या गोळीतला मोठा तुकडा कमी करत.

"तिले काय होऊन राह्यलं ते तिले सांगता येत नाही," ते म्हणाले, "मले येते."

तो काळ शाळेला फार वाईट गेला. बाबा दिवसातून आठ-आठ वेळा शिंकत आणि पोरं आठही वेळा दप्तरं उचलत. बाबांचं पोट ठिकाणावर नव्हतं, पाय थरथरत, आणि मोटारीचा भोंगा वाजला की ते ओसरीवर उडत. पण पोरीचा रकाना एका दिवसानेही चुकला नाही.

आणि मग एक दिवस शाळा सुटलीच नाही. मी शिंकेची वाट बघत पाढे म्हणवून घेत राहिलो. ऊन भिंतीवरून उतरलं, पोरं चुळबुळू लागली. मी धावत ओसरीवर गेलो. बाबा पाळण्यावर वाकले होते. पोर टक्क जागी होती आणि त्यांची मिशी ओढत होती.

"मास्तर? शाया सुटली?"

"शिंक कुठे आली अजून?"

त्यांनी उन्हाकडे पाहिलं. चार केव्हाच वाजून गेले होते. त्यांचे डोळे भरून आले.

"हे पानी वहीत लिव्हायचं नाही," ते म्हणाले.

आता शाळेला नवं घड्याळ आलं आहे आणि बाबांची ओसरी रिकामी आहे. ती पोर माझ्याच वर्गात पुढच्या रांगेत बसते, सारखी बडबडते, आणि हिवाळ्यात तिला सर्दी होते. ती शिंकली की पोरं पाटीवर मान घालून लिहीत राहतात. मी मात्र घंटेकडे हात नेतो, आणि मग तो परत घ्यायला मला थोडा वेळ लागतो.