दिगंबरचे बिनकाट्याचे गळ

दिगंबर गेल्याचा फोन सुमनवहिनींनी मला कंपनीत केला. मी ग्राइंडिंग मशीनवर उभा होतो, मशीनवरचा लोखंडी जॉब अर्धा घासून झाला होता. वहिनी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भावजी, गेले ते. आत्ता नाकातली नळी काढली." एवढंच. याला दीड महिना होऊन गेला, पण त्यातलं 'आत्ता' माझ्या कानातून जात नाही. कारण ती नळी काढा म्हणून दिगंबर एकोणीस दिवस विनवत होता, आणि ती काढू न देणारा मी होतो... त्याकडे येतोच. पण आधी थोडं त्याच्याविषयी सांगू द्या, नाहीतर तुम्हाला तो फक्त खाटेवरचाच कळेल, आणि ते त्याला मुळीच खपलं नसतं.

आम्ही दोघं सत्तावीस वर्षं एकाच टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे-हत्यारं बनतात त्या विभागात, होतो. आधी भोसरीत, आणि कंपनी चाकणला हलली तेव्हा तिच्यामागे तिकडे. तो बीडकडचा, मी साताऱ्याचा. धातू कापला की कडेला एक धारदार पापुद्रा राहतो, त्याला आमच्यात 'बर' म्हणतात. ती बर कानशीने काढून, कडेवरून अंगठा फिरवून पाहिल्याशिवाय दिगंबरने एकही जॉब कधी पुढे पाठवला नाही. तपासणीवाले त्याच्या जॉबला हातच लावत नसत. घरीसुद्धा ताटाच्या काठावरून अंगठा फिरवायचा, म्हणून वहिनी चिडायच्या.

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. आणि आम्हा दोघांच्या घरी गुरुवार पाळलेला! म्हणजे मासे धरायला वेळ मिळायचा तो नेमका मासा घरात आणायची बंदी असलेल्या दिवशी. तरीही आम्ही रावेतजवळ नदीकाठी गळ टाकून बसायचो, कारण घरी बसून करणार काय? सापडलेला मासा हातात घेऊन पाहायचा, त्याच्या आकाराबद्दल भांडायचं आणि परत सोडून द्यायचा. काठावरचे इतर लोक आम्हाला 'उपासाचे कोळी' म्हणत. आपण मोठं पुण्य करतो आहोत असा माझाही समज होता, खोटं कशाला बोलू?

एका गुरुवारी दिगंबरच्या गळाला मरळ लागली. अंगाने नुसती काडी झालेली. तिच्या जबड्याची एक बाजू जुन्या जखमेने फाटून वाकडी जुळली होती, तोंड नीट मिटत नव्हतं. दिगंबर तिला ओल्या हातात धरून पाहत राहिला. म्हणाला, "ही आपलीच हाय." मी म्हटलं, कशावरून? "दुसरं कोण सोडतंय हितं? बाकीचे तर घरी नेऊन खात्यात. फाडून सोडणारे आपुन दोघंच." गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो. मासा निसटू नये म्हणून तो असतो, आणि गळ काढताना तोच मांस फाडत बाहेर येतो. ती मरळ त्याने सोडली, पण ती खाणार कशी, हे त्याने मला परतीच्या वाटेवर तीनदा विचारलं.

पुढच्या गुरुवारी येताना तो सगळे गळ बारीक कानशीने घासून घेऊन आला. उलटा काटा साफ गेलेला, अंगठा फिरवला तर नुसतं गुळगुळीत. दोर ताणलेला ठेवला तर मासा तसाही येतो, आणि सोडताना गळ अलगद निघतो. हे तो काठावरच्या प्रत्येकाला समजावू लागला, पदरचे गळ घासून फुकट वाटू लागला. लोक घ्यायचे आणि त्याची पाठ वळली की फेकून द्यायचे. "मासा निसटतो ना राव!" त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर माझंही तेच म्हणणं होतं. त्याच्यादेखत मी घासलेला गळ लावायचो, पण एक काट्याचा गळ गुपचूप खिशात ठेवला होता. एकदा तो चहा आणायला गेला तेव्हा मी तो टाकला, आणि मोठा रोहू लागला. दिगंबर परत आला तेव्हा माझी ओढाताण चालू होती आणि माशाच्या तोंडातून रक्त येत होतं. त्याने चहा खाली ठेवला, पकडीने जमेल तितक्या हलक्या हाताने गळ काढला आणि मासा पाण्यात धरून ठेवला. "तुपल्या अंगठ्याला सुई टोचली तर बोंबलतूस भावा. ह्येला बोंबलता बी येत न्हाई." एवढंच बोलला. माझ्या गळाचं त्याने काय केलं ते मी पाहिलं नाही. नदीत फेकला असेल असं धरून चाललो, आणि विचारायची लाज वाटली.

मग काही वर्षांनी तो उन्हाळा आला. सकाळी पोहोचलो तर पाण्यावर फेस होता आणि काठाला मेलेल्या माशांचा पांढरा थर. चिलापी, रोहू, मरळी, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. वरच्या अंगाला कोणी कसलं रसायन नदीत सोडलं, कोणालाच कळलं नाही. दिगंबर त्या घाणीत उकिडवा बसला आणि एकेक मासा उचलून तोंड उघडून पाहू लागला. ओठांवरून अंगठा फिरवायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा उचलायचा. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी म्हणाला, "तोंडं धड हायेत समद्यांची." आम्ही त्यांना धड ओठांनी आगीतून फुफाट्यात सोडत आलो होतो. त्यानंतर त्याने गळ टाकला नाही. दर गुरुवारी यायचा मात्र, पाण्याकडे बघत गळ घासत बसायचा.

आणि यंदा त्याला अर्धांगाचा झटका आला. गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घातली. ती तो उपसायचा, म्हणून चांगला हात खाटेला बांधला. जीभ जड झाली होती, पण एक शब्द स्पष्ट यायचा, "काढ." डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की सुधारणा होणार नाही, हवं तर घरी न्या. वहिनी तयार होत्या, पण माझ्या शब्दाबाहेर गेल्या नाहीत. मीच म्हणालो, "प्रयत्न सोडायचे नाहीत वहिनी." प्रयत्न कसले? मला तो हवा होता, बस्स. एकोणीस दिवस मी कामावरून सुटलो की त्याच्या उशाशी बसून "चार दिवस कळ काढ राव" म्हणत राहिलो आणि तो माझ्याकडे बघत राहिला. नाकपुडीच्या कडेला नळी घासून जखम झाली होती. याला मी मैत्री म्हणत होतो.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याचा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत कापसावर ओळीने घासलेले गळ होते, आणि कोपऱ्यात वेगळ्या कागदात गुंडाळलेला एक, काट्यासकट. मी पाहताक्षणी ओळखला. वहिनी म्हणाल्या, "तेवढा तुमचा आहे. मी एकदा विचारलं, हा का राहिला? तर म्हणाले, त्येला हात लावू नको, ज्याचा हाय त्यो आपल्या हातानं घाशील."

म्हणजे इतकी वर्षं तो माझी वाट बघत होता. नदीत आता मासा उरलेला नाही, आणि ज्याला घासून दाखवायचा तोही नाही. दर गुरुवारी मी डबा उघडतो, कानस हातात घेतो. घासलेल्या गळांवरून अंगठा फिरवत शेवटच्या गळापाशी येतो. टोचतं. कानस खाली ठेवतो आणि डबा बंद करतो.