ट्रॉलीसारखा आवळलेला हॅमॉक

बापूसाहेबांनी मोबाइल माझ्या नाकाला टेकवला आणि म्हणाले, "हवालदार, हे असलं पायजे. दांडीवालं."

फोटोत समुद्र होता, माडाची दोन झाडं होती आणि मधे पांढऱ्या सुताची जाळी, दोन्ही टोकांना लाकडी दांडी लावलेली. जाळीत कोणी झोपलेलं नव्हतं. या जातीच्या हॅमॉकच्या फोटोत कधीच कोणी झोपलेलं नसतं. झोपलेला माणूस फोटो निघेपर्यंत खाली पोचलेला असतो.

साताऱ्यात माझं कॅम्पिंगच्या सामानाचं दुकान आहे. त्याआधी फौजेत होतो. नोकरीतली बहुतेक वर्षं दोऱ्या, तंबू आणि गाठी यांतच गेली. हिमालय अजून जागेवर आहे तो मी बांधून ठेवल्यामुळे, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. निम्मे लोक मान डोलावतात. हॅमॉक घ्यायला येतात ते हेच निम्मे.

खरं तर हॅमॉक आपल्याला कोणी नव्यानं शिकवायला नको. उसाच्या बांधावर बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी टांगायची आणि पोर आत टाकायचं, यात आपल्या पिढ्या वाढल्या. त्यातून पोर पडल्याचं ऐकिवात नाही. पण तेच पोर मोठं होऊन चारचाकीतून माझ्या दुकानात उतरलं की झोळी विसरतं आणि विचारतं, "यात ऑरेंज आहे का?" मी उलट तीन प्रश्न विचारतो. झोपणार कोण, झोपणार कुठं, आणि पाठीखालून वारा किती. तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर येतं: रील काढायचीय.

बापूसाहेब आष्ट्याचे. घरचा ऊस इतका, की वरून विमान गेलं तर पायलटला खाली समुद्र वाटावा. महाबळेश्वरच्या अलीकडे कड्यावर जागा घेऊन त्यांनी 'नेचर कॅम्प' काढला होता. नेचर तिथं आधीच होतं. बापूसाहेबांनी त्यात फ्लेक्स लावला, फायबरचा जिराफ उभा केला आणि सेल्फीसाठी एका भिंतीवर पंख रंगवून घेतले. कमी होता तो हॅमॉक.

"झोपणार कोण?" मी विचारलं.

"आमचं हुणारं व्याही," ते म्हणाले. "ऐतवारी रहिमतपूरचं पावनं येणार हायती कॅम्पावर. सायलीच्या बैठकीला."

सायली म्हणजे त्यांची मुलगी. ती शेजारीच उभी होती. गुरांची डॉक्टर आहे, अंगावर येणाऱ्या वळूला 'थांब रं' म्हणून थांबवते, पण त्या दिवशी माझ्या काउंटरवरच्या दोरीला निष्कारण पीळ घालत होती.

"काका, आमचं दोघांचं ठरलंय," ती म्हणाली. "त्याच्या आईंचाही होकार आहे. अडलंय ते फक्त सुभेदारसाहेबांवर."

मुलाचे वडील म्हणजे रिटायर्ड सुभेदार मेजर. त्यांची कीर्ती माझ्याही कानावर होती. थोरल्या मुलाच्या वेळी एका घरातून ते खुर्ची डुगडुगली म्हणून उठून आले होते, आणि दुसऱ्या घरातून चहा बशीत सांडलेला आला म्हणून. थोरला अजून बिनलग्नाचाच आहे.

"त्यांची पाठ दुखते," सायली म्हणाली. "जेवल्यावर आडवं व्हावंच लागतं. मी बाबांना म्हटलं, साधी कॉट ठेवा."

"कॅम्पला कॉट?" बापूसाहेब म्हणाले. "मग घरी काय वाईट हाय?"

"वजन किती साहेबांचं?"

"मानूस भरदार हाय. दारातनं आडवा हुतो, मंग आत येतो."

मी दांडीवाल्याची आशा सोडायला लावली. दांडीमुळे कापड पसरून सपाट राहतं, माणूस त्यावर वर वर बसतो, आणि कूस बदलली की ते पालथं होतं. सुताची जाळी तर त्याहून गुणाची. शर्टाची बटणं अडकतात, पाठीवर जिलबीचे छाप उठतात, आणि डोंगरातलं धुकं एकदा सुतात शिरलं की पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही. तिसरा प्रकार आखूड हॅमॉकचा. त्यात माणूस झोपतो माणसासारखा आणि उठतो केळ्यासारखा.

साहेबांना हवा होता पॅराशूटसारख्या नायलॉनचा, चांगला लांब, आडवाही ऐसपैस, दोन्ही टोकांना चुण्या घालून बांधलेला. वजनाची क्षमता त्यांच्या वजनापेक्षा बरीच जास्त. झाडाला गुंडाळायला रुंद पट्टे, म्हणजे साल सोलली जात नाही. आणि बांधायचा ढिला.

"ढिला?" बापूसाहेबांचा चेहरा उतरला. "पावन्यासाठी ढिला?"

त्यांचं दुखणं मला कळत होतं. आमच्या भागात पाहुणा येणार म्हटलं की आदल्या दिवशी बाजेचा सुंभ आवळून ठेवतात. बाज टणक वाजली पाहिजे. ढिल्या बाजेवर पाहुणा बसवला तर त्याचं गाव वर्षभर तेवढंच बोलतं.

मी समजावलं. वाळत घालायची दोरी आठवा. सैल दोरीवर ओली साडी निवांत वाळते. तीच दोरी ताठ ओढून बांधली की साडीच्या वजनानं खिळा भिंतीतून निघतो. ताठ दोरीवर ताण कैक पटीनं येतो. हॅमॉक ताठ झाला की त्याला पोट राहत नाही. पोट नाही म्हणजे माणूस आत बसत नाही, वर बसतो. वर बसलेला माणूस पडतो.

"लय शानपना," बापूसाहेब म्हणाले. पण सायलीनं नायलॉनचा उचलून काउंटरवर ठेवला होता. मग त्यांनी आपला अधिकार बजावला. "ऑरेंज द्या."

रविवारी मी स्वतः गेलो. हिरडा आणि जांभूळ, दोन्ही सरळ आणि मजबूत, बघून हॅमॉक टांगला. झोळीसारखं पोट सोडलं. बसलं की पाय जमिनीला टेकावेत इतक्या उंचीवर. मग खालचं काम. हॅमॉकमध्ये माणूस वरून कितीही पांघरो, पाठीखालून वारा त्याला गार करतो, आणि दुखऱ्या पाठीला तो वारा म्हणजे वैरी. दुकानात यासाठी खालून बांधायची रजई मिळते. मी कॅम्पातली जाड वाकळच मागून घेतली आणि हॅमॉकच्या खाली दुसरी झोळी करून बांधली. स्वतः आत पडून बघितलं. उठायला जिवावर आलं. तरी उठलो आणि तंबू बघायला गेलो, कारण बापूसाहेबांचे तंबू वाऱ्यावर बापूसाहेबांसारखेच फुगत होते.

तेवढ्यात तिथं तात्या आले. तात्या म्हणजे बापूसाहेबांचे धाकटे भाऊ. उभं आयुष्य उसाच्या ट्रॉल्या भरण्यात गेलेलं. ट्रॉली भरली की वरून तारेचा दोर टाकतात, त्यात पहार घालतात आणि पीळ देत देत असा आवळतात की ऊस ओरडतो. तात्यांनी आवळलेल्या ट्रॉलीतून कारखान्यापर्यंत कांडं पडत नाही, आधी रस निघतो.

तात्यांना माझा हॅमॉक दिसला. "हे काय, मेलेल्या म्हशीगत लोंबतंय," म्हणाले. बापूसाहेबांना तेवढंच निमित्त हवं होतं. दोघा भावांनी पहार आणली. पट्ट्यात घातली. पीळ दिला. पाहुण्याच्या अंगाखाली जुनी वाकळ नको म्हणून ती सोडून घडी करून ठेवली. मी परतलो तेव्हा पाहुणे येऊन जेवणं उरकली होती, हॅमॉक फळीसारखा ताठ होता, वाऱ्यानं त्यातून तंबोऱ्यासारखा सूर निघत होता, आणि सुभेदारसाहेबांना मानानं तिकडं नेत होते.

"साहेब, थांबा," मी म्हणालो.

सुभेदार मेजर हवालदाराच्या सांगण्यावरून थांबल्याचं फौजेच्या इतिहासात नाही. ते बसले. पाय वर घेतले. पुढचं मी नीट बघितलं असं म्हणणार नाही, कारण ते फार पटकन झालं. साहेब वर होते, मग खाली होते. हॅमॉक एक गिरकी घेऊन पुन्हा जागेवर, जसं काही झालंच नाही. साहेबांची टोपी मात्र जिराफापर्यंत गेली.

सायलीच्या हातातलं बडीशेपेचं ताट तसंच राहिलं. साहेब उठले, पाचोळा झटकला आणि मुलाला म्हणाले, "गाडी काढ."

मुलगा हलला नाही. सायलीकडे बघत उभा राहिला.

"साहेब, गाडी निघेल," मी म्हणालो. "पण गावात सांगणार काय? सुभेदार मेजरला चार वार कापडानं पाडलं?"

ते सावकाश माझ्याकडे वळले. "कोण रं तू?"

मी पाय जुळवून नाव, हुद्दा, युनिट सांगितलं.

"हवालदार, हे तू बांधलंस?"

"नाही साहेब. मी बांधलेलं असतं तर आपण आत्ता घोरत असता."

साहेबांनी पहारीकडे बघितलं. मग तात्यांकडे. तात्या जांभळाच्या शेंड्याकडे बघत होते.

"आमी आवळलं," तात्या शेवटी म्हणाले. "मानापोटी, साहेब. ढिलं बरं दिसंना."

"मानापोटी," साहेब म्हणाले. "दुश्मनानंबी मला इतका मान दिला न्हवता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बांध. पुन्यांदा पडलो तर बैठक खल्लास."

मी पहार काढली आणि तात्यांच्या हातात दिली, म्हणजे त्यांचे हात गुंतून राहतील. पट्टे सैल केले, पोट सोडलं, वाकळ पुन्हा खाली बांधली. "साहेब, मधोमध बसा. आता तिरके व्हा. डोकं या कोपऱ्याकडं, पाय त्या कोपऱ्याकडं." हॅमॉकमध्ये सरळ झोपलं की पाठीचं धनुष्य होतं. तिरकं झोपलं की पाठ सपाट. एवढं एक ज्याला कळलं त्याला माझ्या दुकानाची गरज नाही, म्हणून मी ते सहसा पैसे घेतल्यावर सांगतो.

साहेब दोन्ही कडा घट्ट धरून पडले होते.

"पाठ कशी वाटते?"

"गप ऱ्हा."

थोड्या वेळानं एक कड सुटली, मग दुसरी. मग घोरणं सुरू झालं. खाली घाटात एका टेंपोनं मागून ट्रक आला समजून साइड दिली.

सुभेदारीणबाईंनी तिकडं एकवार बघितलं, हातातली वाटी खाली ठेवली आणि सायलीच्या आईला हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, सरका जवळ. हे उठायच्या आत बोलून घिऊ."

अशी बैठक मी जन्मात बघितली नाही. सगळी कुजबुजत. लग्न आष्ट्याला, मांडव दारात. सायलीची नोकरी चालू राहणार. बापूसाहेबांनी "हत्ती आणू का?" विचारलं, तर दोन्हीकडच्या बायकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे बघितलं. मधेच घोरणं तुटलं की सगळे श्वास रोखायचे, सुभेदारीणबाई मला खूण करायच्या, आणि मी पायानं हॅमॉकला हलका झोका द्यायचो. घोरणं लागलं की बोलणी पुढं. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस मी आधी कधी झोपवला नव्हता.

साहेब जागे झाले तेव्हा उन्हं कलली होती. डोळे उघडायच्या आत सायलीच्या आईनं त्यांच्या तोंडात पेढा घातला.

"कशाचा?" ते पेढ्यामागून म्हणाले.

"आवं, ठरलं की," सुभेदारीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोरच बोलनी झाली. तुमी कशालाच न्हाई म्हनाला न्हाईत."

साहेबांनी एकेकाकडे बघितलं. पेढा गिळला. मग कमरेमागे हात घालून पाठ चाचपली, जणू तिचंही मत घ्यायचं होतं.

"हवालदार," ते म्हणाले, "ह्यो आमच्यासंगं रहिमतपूरला येनार."

हॅमॉक गेला. लग्न झालं. तिथं हत्ती नव्हता, पण साहेब जेवल्यावर कुठं गेले म्हणून शोधाशोध झाली तेव्हा ते मांडवामागच्या चिंचेला तिरके टांगलेले सापडले. बापूसाहेबांनी पुढं कुठून तरी दांडीवाला पांढरा हॅमॉक मिळवलाच आणि कॅम्पाच्या गेटवर टांगला. त्याचे फोटो चांगले येतात. आत कोणी नसतं.

मी दुकानात आता तीनऐवजी चार प्रश्न विचारतो. झोपणार कोण, झोपणार कुठं, खालून वारा किती, आणि बांधणार कोण. चौथ्याच्या उत्तरात कोणी तात्या निघाले, तर मी त्यांना कॉट विकतो.