बिगोनियाचं पान

आत्याबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी राजूरच्या शाळेत पाचवीच्या वर्गात फळ्यावर भागाकार मांडत होते. शिपायाने ऑफिसात बोलावलं. नवऱ्याने नागापूरहून, आमच्या घराजवळच्या एसटीडी बूथवरून फोन केला होता. 'आई गेली...' एवढंच म्हणाला. त्याला आता पाच आठवडे झाले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी आयुष्यभर पोळ्या लाटल्या. ते घर बौद्धांचं, मी भिक्षुकाच्या घरातली. आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि माझं माहेर तुटलं. माहेर नगर शहरातच, नागापूरहून बसने अर्ध्या तासावर, पण दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही. आत्याबाईंच्या खिडकीत तेलाच्या डब्यांत, कान तुटलेल्या कपांत रोपं असायची. कुणाकडूनही फांदी आणायच्या नि जगवायच्या. एकदा त्यांच्याजवळ बसून मी सहज म्हणाले, आईच्या स्वयंपाकघरात रुपेरी ठिपक्यांचा बिगोनिया आहे... आणि पुढे बोलवेना. रविवारी इस्त्रीची पांढरी साडी नेसून बाहेर पडल्या आणि दुपारी ओल्या फडक्यात एक पान घेऊन परतल्या.

"आईकडे गेला होतात?"

"व्हय. पान द्या म्हनलं, पोरीला लई आठवन येती तुमची."

"मग?"

"रडली. पान तोडून दिलं. आत या म्हनली न्हाई... तू मनाला लावून घेऊ नको."

त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या होत्या, माझ्यासाठी.

पानाच्या शिरांना ब्लेडने चिरा देऊन त्यांनी ते ओल्या वाळूवर पसरलं, वर चार खडे ठेवले. कितीतरी दिवस काहीच होईना, एक कड कुजली. टाकून देऊ म्हटलं तर म्हणाल्या, "थांब की जरा. लई घाई तुला." मग चिरांमधून नखाएवढी पानं वर आली. दोन रोपं झाली. एक त्या स्वतः माझ्या आईला देऊन आल्या.

दीड महिन्याने आई आमच्या दारात उभी. पहिल्यांदाच. हातात रोपाचा कप. माझ्याकडे पाहून तिचे डोळे भरले, पण बोलली ती आत्याबाईंशी. "विहीणबाई, पानांच्या कडा करपायला लागल्यात हो."

"उनात ठेवता काय? आत या, बसा. दावते."

तासभर दोघी ऊन-पाण्याचंच बोलत बसल्या. लग्नाचा विषय कुणीच काढला नाही. वडील कधीच आले नाहीत, आई मात्र येत राहिली.

दवाखान्यात जायच्या आधी आत्याबाईंनी काचेच्या बाटल्यांत नव्या फांद्या लावून ठेवल्या होत्या. दर शनिवारी राजूरहून आले की मी पाणी बदलते. काहींची पानं गळालीत. कुठली जिवंत, हे त्या नखाने जरा खरवडून सांगायच्या. मला ते कळत नाही. परवा एक बाटली उजेडात धरून मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आत्याबाई, ही कशाची हो?"

आत नवरा भांडी घासत होता. त्याने नळ बंद केला.